चालक-सहाय्य सॉफ्टवेअरच्या मर्यादा पैसे भरण्याआधी सांगाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवी इलेक्ट्रिक कार घेणाऱ्याला आता बॅटरीचा पल्ला आणि चार्जिंगला लागणारा वेळ यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या प्राथमिक चालक-सहाय्य सोयींवर भागवायचे की जादा पैसे भरून वरच्या दर्जाचे सॉफ्टवेअर घ्यायचे, असा तो प्रश्न असतो. अनेक कंपन्या हा पर्याय बुकिंगच्या वेळीच पुढे करतात आणि काही गाड्यांत तो नंतर मोबाइल अ‍ॅपवरून किंवा गाडीतल्या स्क्रीनवरूनही विकत घेता येतो. कॅमेरे, संवेदक आणि संगणक गाडीत आधीच बसवलेले असतात. पैसे जमा झाले की त्यांच्यावरचे कुलूप उघडते. या सॉफ्टवेअरविषयी माझ्या मनात आकस नाही. लांबच्या प्रवासात, संथ रहदारीत ते चालकाचा शीण खरोखर हलका करते, हे मी पाहिले आहे. माझी हरकत ते ज्या पद्धतीने विकले जाते तिला आहे. हे सॉफ्टवेअर काय करू शकत नाही, हे ग्राहकाला पैसे भरल्यानंतर कळते. हा क्रम बदलायला हवा आणि तो कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बदलायला हवा, असे मला वाटते.

या विषयात पातळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. एसएई इंटरनॅशनल या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरवून दिल्या. सर्वसामान्य ग्राहकाला अपग्रेड म्हणून जे विकले जाते, ते जवळजवळ सगळे दुसऱ्या पातळीचे असते. या पातळीवर गाडी स्टिअरिंग वळवते, वेग कमीजास्त करते, ब्रेक लावते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते आणि काही गाड्यांत इंडिकेटर देऊन लेनही बदलते. मात्र रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम पूर्ण वेळ चालकाचेच असते आणि गाडीचे काही चुकले तर ते सावरणेही त्याच्याकडेच असते. तिसऱ्या पातळीवर, ठरावीक परिस्थितीत, चालकाने रस्त्याकडे पाहिले नाही तरी चालते. गाडीने सूचना दिली की त्याने ताबा घ्यायचा असतो. मर्सिडीज-बेंझच्या अशा प्रणालीला जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा ती केवळ ठरवून दिलेल्या द्रुतगती मार्गांवर आणि ताशी ६० किलोमीटरपर्यंतच वापरता येत होती. म्हणजे ज्या प्रणालीच्या भरवशावर रस्त्यावरून नजर काढता येते, तिच्यावर इतकी कडक बंधने होती. दुसऱ्या पातळीचे सॉफ्टवेअर त्याहून कितीतरी अधिक वेगात आणि कितीतरी अधिक रस्त्यांवर चालू करता येते, आणि त्यामुळे ते अधिक प्रगत असावे असा ग्राहकाचा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती मोकळीक चालक सतत जागरूक आहे या गृहीतकावर दिलेली असते.

माझ्या धाकट्या बहिणीने अलीकडे नवी इलेक्ट्रिक कार घेतली. बुकिंग करताना अपग्रेडचे पान आम्ही दोघांनी मिळून पाहिले होते. त्यावर मोकळ्या रस्त्यावरून सरसर जाणाऱ्या गाडीचे चलचित्र होते, सोयींची नावे होती आणि रक्कम होती. गाडी ताब्यात आल्यावर ही सोय लगेच सुरू झाली नाही, कारण नव्या गाडीचे कॅमेरे जुळेपर्यंत, म्हणजे लेनचे पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर काही अंतर ती चालवेपर्यंत, ही सोय बंदच राहते. पुढची काच बदलली तर हीच जुळवणी पुन्हा करावी लागते, हेही आम्हाला तेव्हा समजले. जुळवणी झाल्यावर तिने ती सोय चालू करायला घेतली, आणि स्क्रीनवर बारीक अक्षरांतला मजकूर आला. हात स्टिअरिंगवर ठेवावेत. रस्त्यात थांबलेली वाहने ओळखली जातीलच असे नाही. पाऊस, धुके, समोरून येणारे ऊन, पुसट झालेले पट्टे, रस्त्याचे चालू असलेले काम आणि तीव्र वळणे यांमुळे प्रणाली चुकू शकते. सर्व जबाबदारी चालकाची राहील. खाली ‘मान्य आहे’ एवढे एकच बटण होते. बहिणीने तो मजकूर दोनदा वाचला आणि हे सगळे बुकिंगच्या पानावर का नव्हते, असे विचारले. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कंपनीकडे ते असायला हवे.

त्या मजकुरातले थांबलेल्या वाहनांविषयीचे वाक्य नीट समजून घेण्यासारखे आहे. ग्राहकाला सर्वांत अनपेक्षित वाटते ते हेच. जी प्रणाली पुढे धावणाऱ्या वाहनामागे इतक्या सफाईने अंतर राखून चालते, तिला रस्त्यात उभे असलेले वाहन दिसणार नाही, हे कोणाला पटेल? पण रडारला स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी सतत मिळत असतात. फलक, कठडे, पुलाच्या कमानी या सगळ्यांसाठी गाडी थांबू लागली तर ती चालवताच येणार नाही, म्हणून वेगात असताना अशा प्रतिध्वनींपैकी पुष्कळसे गाळले जातात, आणि त्यांत एखादे खरोखरचे वाहनही गाळले जाण्याचा धोका राहतो. कॅमेऱ्यांवर अवलंबून असलेल्या प्रणालीला प्रकाश, सावली आणि अनोळखी आकार यांच्या अडचणी येतात. पुढचे वाहन अचानक लेन सोडून बाजूला गेले आणि त्याच्यापुढे दुसरे वाहन उभे असले, तर ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगात आपली गाडी ब्रेक लावेलच असे नाही, असा इशारा टेस्लाच्या माहितीपुस्तिकेतही आहे. उलट बाजूने, काहीही नसताना पुलाच्या सावलीखाली किंवा शेजारच्या लेनमधल्या ट्रकमुळे गाडी एकाएकी ब्रेक लावते, असाही अनुभव चालकांना येतो, आणि मागून येणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने तोही धोकाच असतो.

ही भीती कागदावरची नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात एक टेस्ला गाडी रस्ता ओलांडणाऱ्या मोठ्या ट्रकच्या ट्रेलरवर आदळली आणि चालकाचा मृत्यू झाला. तेव्हा ऑटोपायलट, म्हणजे टेस्लाचे चालक-सहाय्य सॉफ्टवेअर, चालू होते. त्या देशाच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी दिलेल्या निष्कर्षात ट्रकचालकाने वाट न देणे आणि मोटारचालकाचे स्वयंचलनावरचे अतिअवलंबन या दोन्ही गोष्टी नोंदवल्या. शिवाय प्रणालीची रचनाच अशी होती की चालकाला दीर्घकाळ लक्ष काढून घेता आले, असेही म्हटले. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने आणखी एक चौकशी सुरू केली. अपघातस्थळी किंवा रस्त्याच्या कडेला थांबलेल्या पोलीस, अग्निशमन आणि इतर आपत्कालीन वाहनांवर ऑटोपायलट वापरणाऱ्या गाड्या आदळल्याच्या घटना तिच्या मुळाशी होत्या. त्या चौकशीतून डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २० लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची मोहीम, जाहीर झाला. यांतली एकही गाडी त्यासाठी कार्यशाळेत न्यावी लागणार नव्हती. चालकाला अधिक ठळक इशारे देणारे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून गाड्यांत उतरवले गेले. इशाऱ्यांची ही दुरुस्ती ऑटोपायलट बाजारात आल्यावर आठ वर्षांनी झाली, याचा मला फार विषाद वाटतो.

अशा अपघातांचा विषय निघाला की चालकाने लक्ष द्यायला हवे होते, असे म्हणून तो बाजूला सारला जातो. कायद्याच्या भाषेत ते बरोबर आहे, पण माणसाच्या स्वभावाला ते धरून नाही. स्वतः गाडी चालवताना हात, पाय आणि डोळे एकाच कामात गुंतलेले असतात, त्यामुळे लक्ष आपसूक टिकते. हात आणि पाय मोकळे करून केवळ देखरेखीसाठी डोळे उघडे ठेवायचे, तेही तासन्‌तास आणि काहीही न घडता, हे काम माणसाला फार अवघड जाते. प्रणाली जितकी चांगली, तितकी ही देखरेख कठीण, कारण दर पाच मिनिटांनी चुकणारी गाडी चालकाला जागे ठेवते आणि अनेक आठवडे न चुकलेली गाडी त्याला निश्चिंत करते. स्टिअरिंगवर हात आहे की नाही हे त्यावर पडणाऱ्या हलक्या जोरावरून ओळखणाऱ्या गाड्यांना फसवण्यासाठी वजने लटकवण्याचे प्रकारही झाले. असे एक उपकरण विकणे थांबवण्याचा आदेश अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये दिला होता. चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा आतला कॅमेरा हा त्यामानाने बरा उपाय आहे. तरीही मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने चालकाचे लक्ष टिकवण्याच्या निकषांवर १४ प्रणालींची परीक्षा घेतली तेव्हा ११ प्रणाली निकृष्ट ठरल्या, आणि समाधानकारक अशी श्रेणी एकट्या लेक्ससच्या एका प्रणालीला मिळाली. अपग्रेड घेणाऱ्याने लेन किती सफाईने बदलली जाते हे पाहण्याआधी आपले लक्ष उडाले तर गाडी काय करते हे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरक्षा आणि सोय यांची सरमिसळ हा या विक्रीतला दुसरा दोष. समोर अडथळा आल्यावर आपोआप लागणारा ब्रेक ही खरी सुरक्षेची गोष्ट आहे. त्यामुळे पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचे अपघात जवळपास निम्म्याने कमी होतात, असे याच विमा संस्थेच्या अभ्यासातून दिसले आहे. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना तो बंधनकारक केला. अमेरिकेनेही सप्टेंबर २०२९ ची मुदत घालून दिली. मात्र गाडी स्वतः लेनमध्ये चालवणाऱ्या दुसऱ्या पातळीच्या प्रणालींमुळे अपघात कमी होतात, असा ठोस पुरावा आपल्याला आढळला नसल्याचे त्याच संस्थेने २०२४ मध्ये सांगितले. म्हणजे जीव वाचवणारा भाग मूळ गाडीतच असायला हवा, आणि ज्यासाठी वेगळे पैसे मागितले जातात तो भाग आरामाचा आहे. आरामासाठी पैसे घेण्यात काही गैर नाही. पण जाहिरातीत दोन्ही एकाच नावाखाली आणून आरामाच्या सोयीला सुरक्षेचे वलय चढवणे अयोग्य आहे.

नावांबद्दल तर नियामकांनाही पावले उचलावी लागली आहेत. टेस्लाने ऑक्टोबर २०१६ मध्ये फुल सेल्फ-ड्रायव्हिंग, म्हणजे पूर्ण स्वयंचलित चालन, या नावाने भविष्यातील क्षमतांचे पैसे आधी घ्यायला सुरुवात केली. त्या नावापुढे देखरेख आवश्यक असल्याचे सांगणारा शब्द जोडला गेला तो २०२४ मध्ये. चीनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये सरकारने मोटार कंपन्यांना बोलावून चालक-सहाय्याच्या जाहिरातींत स्वयंचलित चालनाची भाषा वापरू नये, असे बजावले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेला कायदा याहून नेमका आहे. अंशतः स्वयंचलित प्रणालीला ती पूर्ण स्वयंचलित असल्याचा भास होईल असे नाव देण्यास तो मनाई करतो. शिवाय अशी प्रणाली असलेली नवी गाडी विकताना, तसेच सॉफ्टवेअर अपडेट किंवा अपग्रेड करून ती गाडीत नव्याने आणताना, तिचे कार्य आणि मर्यादा स्पष्ट सांगणारी स्वतंत्र सूचना ग्राहकाला देणे त्याने बंधनकारक केले आहे. हा कायदा मला फार मोलाचा वाटतो. त्यातही एक उणीव आहे: ही सूचना गाडी ताब्यात देताना किंवा अपग्रेड करताना द्यायची आहे. तोवर पैसे जमा झालेले असतात. तीच सूचना, त्याच शब्दांत, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर आली पाहिजे.

आता ग्राहक नक्की काय विकत घेतो, याविषयी. चाके किंवा छत विकत घेतले तर ते गाडीबरोबर राहते. सॉफ्टवेअरचा मात्र परवाना मिळतो, आणि तो गाडीशी जोडलेला आहे की खरेदीदाराच्या खात्याशी, हे कंपनीगणिक बदलते. पुढे गाडी विकली तर नव्या मालकाला ही सोय मिळेल का, आणि अपघातात गाडी निकामी झाली तर भरलेले पैसे नव्या गाडीकडे वळतील का, हे करारात शोधावे लागते. आणखी एक अडचण संगणकाची आहे. भविष्यात मिळणाऱ्या क्षमतांसाठी आज पैसे घेतले जातात, पण त्या क्षमता आजच्या संगणकाला पेलतील याची खात्री नसते. ज्यांनी फुल सेल्फ-ड्रायव्हिंग विकत घेतले आहे त्यांच्या गाड्यांतील तिसऱ्या पिढीचा संगणक बदलून द्यावा लागेल, असे टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच सांगितले. त्याआधी ‘आवश्यक ती सर्व उपकरणे गाडीत आहेत’ या शब्दावर अनेकांनी पैसे भरले होते. दरही स्थिर नसतात. याच सॉफ्टवेअरची अमेरिकेतील एकरकमी किंमत अनेकदा वाढवत नेल्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये एका फटक्यात एक तृतीयांशाने उतरवण्यात आली. ‘आता घ्या, पुढे महाग होईल’ हा आग्रह ज्यांनी मानला, त्यांचे काय झाले हे यावरून दिसते.

म्हणून मासिक वर्गणीचा पर्याय असेल तर पहिल्यांदा तोच घ्यावा, असे माझे मत आहे. वर्गणीला सरसकट नावे ठेवण्याची प्रथा पडली आहे, आणि गाडीत बसवलेल्या गरम आसनासाठी दरमहा पैसे मागणे खरोखरच अन्यायाचे होते. बीएमडब्ल्यूने तो विचार २०२३ मध्ये सोडून दिला. पण चालक-सहाय्याची गोष्ट वेगळी आहे. ही प्रणाली आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर, आपल्या वेळेला, आपल्या हवामानात कशी वागते हे चालवल्याशिवाय कळत नाही, आणि एका महिन्याच्या वर्गणीत ते कळते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, नवी गाडी आधी काही आठवडे कोणत्याही मदतीशिवाय चालवावी. इलेक्ट्रिक कारचा वेग पेट्रोल गाडीच्या मानाने फार झटकन वाढतो, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच ती स्वतःहून मंदावते, आणि बॅटरीमुळे तिचे वजनही जास्त असते. ज्या गाडीवर हात अजून बसलेला नाही तिच्या चुका पकडण्याचे काम चालकाने पहिल्याच दिवशी अंगावर घेऊ नये. विक्रेते नेमके याच्या उलट करतात: गाडी ताब्यात देताना मोठ्या उत्साहाने सर्व सोयी चालू करून देतात.

खरेदी झाल्यावरही हा विषय संपत नाही, कारण सॉफ्टवेअर बदलत राहते. रात्री गाडी उभी असताना अपडेट उतरते आणि सकाळी तीच गाडी वळणावर वेगळी वागू शकते. बहुतेक वेळा हा बदल चांगला असतो. नेहमीच असतो असे नाही. टेस्लाच्या फुल सेल्फ-ड्रायव्हिंगच्या चाचणी-आवृत्तीत, वाहनांना थांबण्याचा आदेश देणाऱ्या फलकापाशी पूर्ण न थांबता हळूहळू पुढे सरकण्याची मुभा गाडीला दिलेली होती, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ५४ हजार गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करून ती काढून घ्यावी लागली. वाहतुकीचा नियम मोडायचा की नाही, हे येथे चालकाने ठरवले नव्हते. दंड मात्र त्यालाच झाला असता. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२१ पासून अमलात आलेला १५६ क्रमांकाचा नियम वाहनांच्या सॉफ्टवेअर अपडेटचे व्यवस्थापन, नोंदी आणि चालकाला द्यायची माहिती यांविषयी आहे. ती माहिती ‘काही सुधारणा व किरकोळ दुरुस्त्या’ अशा एका ओळीत गुंडाळली जाऊ नये. स्टिअरिंग, ब्रेक आणि लेन बदलणे यांच्या वागण्यात काय बदलले, हे ग्राहकाच्या भाषेत, अपडेट स्वीकारण्यापूर्वी सांगितले पाहिजे, आणि जुन्या सूचना त्याला केव्हाही पुन्हा वाचता आल्या पाहिजेत.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. चालक-सहाय्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला एक पानभर लेखी निवेदन द्यावे. प्रणाली कोणत्या पातळीची आहे, ती आज काय करते आणि कोणत्या परिस्थितीत चुकते, जबाबदारी कोणाची, परवाना गाडीचा की व्यक्तीचा, हे त्यात मोठ्या अक्षरांत असावे. अजून तयार नसलेल्या क्षमतेचे पैसे घेऊ नयेत. घेतलेच तर ती देण्याची तारीख लिहून द्यावी आणि ती टळली तर रक्कम व्याजासह परत करावी. खरेदीनंतर निदान एक महिना विनाअट परताव्याची मुदत असावी, आणि कॅमेरे जुळवण्यात जाणारे दिवस त्यात धरू नयेत.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. नव्या मोटारींची परीक्षणे आपण छापता आणि आमच्यासारखे वाचक ती खरेदीपूर्वी काळजीपूर्वक वाचतात. त्यांत पल्ला, चार्जिंग आणि अंतर्गत सजावट यांच्याबरोबर चालक-सहाय्याची पातळी, मूळ गाडीत काय मिळते व कशासाठी वेगळे पैसे पडतात, आणि चालकाने नजर हटवल्यावर गाडी किती वेळात आणि कसा इशारा देते, याची नोंद प्रत्येक वेळी यावी. कंपनीने निवेदन दिले नाही तरी तेवढी माहिती वाचकाला बुकिंगच्या आधी मिळेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक